छप्पर बदलू की दुरुस्त करू? तीन कॉन्ट्रॅक्टर तीन गोष्टी सांगतायत

नमस्कार मंडळी, छपराची कामं करून घेतलेल्यांनी प्लीज वाचा. आमचं बैठं घर आहे, उतरतं कौलारू छप्पर, लाकडी वासे आणि रिपा, आणि पावसात दोन खोल्या गळतात, त्यातली एक आईची आहे, रात्री तिची खाट सरकवत बसतो आम्ही. मागच्या वर्षी एकाला काम दिलं होतं, त्याने सगळे पैसे आधीच घेतले, वर डांबर फासलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात परत धार लागली, तो आता फोन उचलत नाही. म्हणून या वेळी तिघांना बोलावलं आणि आता जास्तच गोंधळ झालाय.

पहिला खालूनच फोटो काढून गेला, म्हणाला सगळं उतरवा, लोखंडी अँगल मारून पत्रा टाकू. छापील कोटेशन दिलंय, १० वर्षांची वॉरंटी. पण नीट वाचलं तर वॉरंटी पत्र्याच्या रंगाची आहे, कामाची नाही, आणि गळणार ते स्क्रूच्या भोकातून नाहीतर जोडातूनच ना? पत्र्याची जाडीपण लिहिलेली नाही, नुसतं 'चांगल्या क्वालिटीचा'.

दुसरा म्हणतो कौलं राहू दे, वरूनच पत्रा टाकतो, स्वस्तात होईल. मला हे अजिबात पटलं नाही, खाली वासा कुजलेला असेल तर तो झाकला जाणार आणि वजन वाढणार ते वेगळंच.

तिसरा एकटाच वर चढला. कौलं काढून वाशांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, चार वासे मऊ लागले. दोन उतार मिळतात तिथल्या पन्हळीचा पत्रा गंजून भोकं पडलीयेत आणि पाणी तिथून शिरून वाशावरून घरंगळत लांब आईच्या खोलीत टपकतं, हे त्याने बादलीभर पाणी ओतून दाखवलं! एवढे दिवस आम्ही खोलीच्या वरचीच कौलं बदलत होतो. त्याच्या मते तेवढे वासे, पन्हळ आणि भिंतीलगतचा जोड केला की पुरे. पण हा माणूस कागदावर काहीच देत नाही, माझा शब्द आहे म्हणतो, आणि मागचा अनुभव बघता मला भीती वाटते.

अजून एक, पहिल्याने खालच्या खोल्यांचं माप धरलं आणि तिसऱ्याने उताराचं, ३० अंशांचा उतार असेल तर १०० स्क्वेअर फुटांवर साधारण ११५ स्क्वेअर फूट छप्पर होतं, त्यामुळे रेट शेजारी ठेवून बघण्यात अर्थच नाही. जुनी कौलं कुणाची, राडारोडा कोण उचलणार, अर्धवट उघडं असताना पाऊस आला तर ताडपत्री कुणाची, यावर तिघंही गप्प.

माझा कल तिसऱ्याकडे आहे. तो रविवारी परत येतोय. चार वासे बदलून बाकीचे खरंच टिकतात का, की दोन वर्षांनी परत तेच? आणि त्याला वाईट न वाटता लिहून कसं मागू? साध्या वहीच्या पानावर काम, माप, माल आणि पैशाचे टप्पे लिहून दोघांनी सही केली तर चालेल का, आणि शेवटचा हप्ता एक जोरदार पाऊस होईपर्यंत मागे ठेवायला कुणी तयार होतं का? कुणी असं केलं असेल तर नक्की काय शब्द लिहिले ते सांगा, रविवारच्या आत.