कोकीळ की कोकिळा?

मुलीने निबंधात ‘आंब्यावर कोकिळा गाते’ असं लिहिलं होतं. वही तपासून आली तर ‘गाते’चं ‘गातो’ केलेलं, ‘कोकिळा’ मात्र तशीच! ‘कोकिळा गातो’ हे कुठलं मराठी? जाणकारांनी सांगावं.

– तपासणाऱ्याला पक्षी कळला, व्याकरण निसटलं. ‘कोकीळ गातो’ हवं. कुऊ-कुऊ करत सूर चढवत नेतो तो नर. काळा कुळकुळीत, लालभडक डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. तिचं ते ‘किक् किक् किक्’, त्याला गाणं म्हणायला फारच मोठं मन लागेल. संस्कृतातही ‘कोकिल’ आणि ‘पिक’ पुल्लिंगीच.

– मग गानकोकिळा? लतादीदींना गानकोकीळ म्हणायचं?

– छे! ती उपाधी आहे, पक्षिनिरीक्षण नव्हे. रूढ झालं ते झालं.

– लिंगाचा हा घोळ शास्त्रीय नावातही झालाय. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली या पक्ष्याला कुकुलस प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घालून ‘स्कोलोपेसियस’ म्हटलं. पुढे तो युडिनॅमिस प्रजातीत गेला आणि जातिनाम स्त्रीलिंगी होऊन ‘स्कोलोपेसिया’ छापलं जाऊ लागलं. जुन्या पक्षिपुस्तकांत तेच दिसेल. प्रजातीचं नाव पुल्लिंगी ठरल्यावर पुन्हा ‘स्कोलोपेसियस’. गंमत म्हणजे या शब्दाचा अर्थ ‘पाणलाव्यासारखा’ (पाणलावा हा पाणथळीतला पक्षी), आणि तसा ठिपकेदार पिसारा मादीचा! काळ्या नराला कोण पाणलावा म्हणेल?

– कोकीळ हे एका जातीचं नाव आणि अख्ख्या कुलाचंही, हेही लक्षात असू द्या. चातक, पावशा, भारद्वाज सगळे त्याच कुलातले. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. भारद्वाज तर स्वतःचं घरटं बांधून पिल्लं वाढवतो, कावळ्याच्या घरट्यात अंडी टाकत नाही, तरी कूळ तेच. आणि कृपा करून ‘पेर्ते व्हा’ ओरडणाऱ्याला चातक म्हणू नका, तो पावशा. चातक काळा-पांढरा, तुरेवाला.

– आभार! त्याच निबंधात खाली ‘कोकिळेचं कूजन’ आहे. तेही खोडू?

– ‘कोकिळाचं’ करा. ‘कोकीळ’मधला ‘की’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: कोकिळाचं, कोकिळाला. ‘कोकिळेचं’ म्हटलंत की मादी आली, आणि मग कूजन नाही, किक् किक्.