अनुभव धागा : हातातला व्हिडीओ गेम, पेन्सिल सेल आणि आपला नंबर

नवरात्राच्या आधीची आवराआवर चालू होती, माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि आईच्या जुन्या लुगड्यांखाली माझा ब्रिक गेम निघाला. पिवळा, वर '९९९९ इन वन' लिहिलेला, मागचं झाकण केव्हाच हरवलेलं म्हणून चिकटपट्टी लावली होती ती वाळून कडक झालेली. आत दोन पेन्सिल सेल तसेच राहिले होते, फुटून स्प्रिंगवर सगळी पांढरी-हिरवी पूड. मला इतकं वाईट वाटलं की झाडू बाजूला ठेवून तिथंच बसले. जुन्या टूथब्रशनं पूड झाडली, भावानं पॉलिश पेपरचा तुकडा दिला त्यानं स्प्रिंगचं टोक चकचकीत होईपर्यंत घासलं, एक सेल भिंतीवरच्या घड्याळातला काढला, एक समोरच्या किराणातून आणला. आणि बटण दाबलं तर ती सुरुवातीची धून वाजली! आई स्वयंपाकघरातून म्हणली, "अगं बाई, तुझा गेम वाजायला का?" वीस-बावीस वर्षांनी तिनं आवाज ओळखला.

दहा घरं आडवी, वीस घरं उभी, त्यातच सगळं. वरून विटा पडायच्या, आडवी ओळ भरली की ती नाहीशी. कडेची एक उभी फट मोकळी ठेवायची आणि सरळ लांब दांडीची वाट बघत बसायचं. हा मूळ गेम टेट्रिस, मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये बनवलेला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. अंबाजोगाईत आम्ही त्याला 'इटा'च म्हणायचो, म्हणजे विटा.

तर सगळ्यांना आमंत्रण. तुमच्या हातात पहिला गेम कुणी दिला, कुठं खेळलात, कुणाकुणात वाटून खेळलात, पुढं त्याचं काय झालं ते सविस्तर लिहा. मोबाईलमधले गेम नकोत, निव्वळ खेळण्यासाठीच बनवलेलं हातातलं यंत्र पाहिजे. मला मनापासून वाटतं की आपल्याकडं हे यंत्र कधी एकट्याचं नव्हतंच, घरात एक यायचं आणि गल्लीभर फिरायचं, आणि ते कसं फिरलं ते कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे.

परभणीहून

आमचा पण ब्रिक गेमच, पण आमच्याकडं तो रात्रीचा खेळ. २००५-०६ च्या आसपास आमच्या खेड्यात लाईट असायचीच कुठं, उन्हाळ्यात सगळे माळवदावर झोपायला आणि आम्ही चुलत-मावस मिळून सहा लेकरं. त्या गेमच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नसतो ना, त्यामुळं ज्याचा नंबर नाही त्यानं बॅटरी धरायची असा नियम. बॅटरी म्हणजे आण्णांची पाणी द्यायला जायची मोठ्या सेलची बॅटरी. धरणारा पेंगला की उजेड खाली जायचा आणि खेळणारा ओरडायचा, "अय, वर धर की! दिसंना गेलंय!"

आधी नियम होता आऊट झालं की पुढच्याला द्यायचं, पण आमची थोरली ताई आऊटच व्हायची नाही. चाळीस-चाळीस मिनिटं. मग ठरलं घड्याळ लावून पाच-पाच मिनिटं. आता घड्याळ बघायला खाली गेलो तर ते दुपारीच दोन वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं, कारण त्यातला सेल गेममध्ये! शेवटी आज्जी म्हणली मी मोजते, आणि ती जपमाळेवर मोजायची, एक माळ झाली की पुढचा. आज्जीच्या माळेवर कुणी भांडलं नाही कधी.

सेल उतरले की इटा पुसट दिसायच्या. मग ते काढून दिवसभर तापलेल्या माळवदावर ठेवायचे, कुणी दातानं चावायचं. थोडा वेळ चालायचे, खरंच चालायचे. ताई आता सेलूला शिक्षिका आहे, तिला हा धागा पाठवला तर तिनं फक्त एवढंच लिहिलं, "बॅटरी कोण धरणार?"

नांदेडहून

वरचं बॅटरीचं वाचून सांगावंसं वाटलं. १९८९ चा जो पहिला गेम बॉय, म्हणजे निंटेंडो कंपनीचं हातातलं यंत्र, त्याच्या स्क्रीनला पण उजेड नव्हता, रंग नाहीत, चार छटा फक्त. ते मुद्दाम होतं. गुनपेई योकोई नावाचे जपानी डिझायनर होते, त्यांचं म्हणणं की जुनं, स्वस्त, पक्कं झालेलं तंत्रज्ञानच घ्यायचं आणि त्यातून नवा खेळ काढायचा. तेव्हा रंगीत आणि उजेडवाले दुसऱ्या कंपन्यांचे आले होते पण ते सेल खाऊन टाकायचे, गेम बॉय चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास जायचा आणि म्हणून टिकला. सेलचा खर्च काय असतो हे आपल्या मराठवाड्यातल्या लेकरांना कुणी शिकवायची गरज नाही, म्हणून मला हा माणूस लई जवळचा वाटतो.

नांदेडहूनच

माझ्या भावासाठी दुबईच्या काकांनी गेम बॉय कलर आणला होता, जांभळा, आणि सोबत पोकेमॉन गोल्ड. भावासाठी आणला हे त्यांनी बॅगेतून काढतानाच सांगितलं. मला फ्रॉक. फ्रॉक छान होता पण माझे डोळे त्या जांभळ्या डब्बीवर.

मला खेळायला मिळायचं ते दुपारी, भाऊ क्लासला गेला की. घरात सगळे झोपलेले, पंख्याचा आवाज, मी पलंगाखाली फरशीवर पालथी पडून आवाज बंद करून खेळायची. आता या गेमची गंमत अशी की आत खरं घड्याळ चालतं, बाहेर रात्र झाली की आत पण रात्र होते आणि काही प्राणी रात्रीच निघतात. हुटहुट नावाचं घुबड आहे ते गवतात फक्त रात्री. मी कित्येक दुपारी त्या गवतात फिरले, ते घुबड मला एकदा पण दिसलं नाही, आणि भाऊ सांगायचा पहिल्याच रस्त्याला भरपूर आहेत की! मला वाटायचं तो खोटं बोलतोय. एके दिवशी त्यानं रात्री जेवणं झाल्यावर गुपचूप माझ्या हातात दिला आणि म्हणला, "घे, आता फिर." तिसऱ्या पावलाला घुबड. त्याला कळलेलं होतं मी दुपारी खेळते ते, एवढे महिने काही बोलला नव्हता.

भाऊ आता कॅनडात. मागच्या वर्षी गेम बॉय काढला, चालू झाला, पण आमचा सगळा खेळ पुसलेला. त्या गेमच्या कॅसेटच्या आत बटणासारखा एक गोल सेल टाक्यानं जोडलेला असतो, तोच खेळ जपून ठेवतो आणि तोच ते घड्याळ पण चालवतो, म्हणून गोल्डमधला सेल लवकर संपतो. वजिराबादेत मोबाईल रिपेरिंगवाल्या पोराकडं नेलं, त्यानं बघून विचारलं ताई हे काय आहे, मी सगळं सांगितलं, त्यानं जपून नवा सेल जोडून दिला आणि पैसे घेईना. जुना खेळ काही परत आला नाही. रात्री नऊला नवीन सुरू केला, घुबड पकडलं, फोटो काढून भावाला पाठवला. तिकडं सकाळ होती. त्यानं लगेच फोन केला आणि आम्ही दोघं बराच वेळ नुसतेच बोलत बसलो, गेमवर नाही, घरावर.

जालन्याहून

पाण्याचा गेम कुणी लिहीना का? निळी डब्बी, आत पाणी, बटण दाबलं की रिंगा उडून काड्यांवर बसायच्या. सेल नाही, काही नाही. पाणी कमी झालं की माय वरच्या बुचातून चमच्यानं भरून द्यायची. उन्हाळ्यात पाणी जपून वापरायचे दिवस, तरी त्यात घालायला तिनं कधी नाही म्हणलं नाही. एवढंच आठवतंय, पण लिहावं वाटलं.

लातूरहून

२०१६. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तो उन्हाळा, मी अकरावीला, चौघं मिळून खोली करून राहायचो. माझ्याकडं सेकंड हँड पीएसपी होता, म्हणजे सोनीचं हातातलं गेमचं यंत्र, दहावीच्या निकालावर मामानं घेऊन दिलेला. टँकरचा टाईम काही फिक्स नसायचा, रात्री अकराला येतो म्हणायचे आणि दीडला यायचा, मग घागरी, बादल्या, कॅन लायनीत लावून आम्ही कट्ट्यावर बसायचो आणि फिफा १४, फुटबॉलचा गेम, चालायचं. पहिल्या दिवशी आम्ही चौघंच होतो, आठवड्याभरात गल्लीतले दहा-बारा जण. पाण्याच्या लायनीत ज्याचा जो नंबर तोच गेमचा नंबर, हे आपोआप ठरलं.

त्याचं ते बटण, उजव्या कडेचं, वर सरकवून सोडलं की गेम जिथल्या तिथं झोपायचा. टँकरचा हॉर्न वाजला की ज्याच्या हातात असेल तो बटण सरकवायचा, खिशात टाकायचा आणि घागर उचलायचा. पाणी भरून झालं की परत सरकवायचं, बॉल हवेत होता तर हवेतच. हिरवा दिवा लुकलुकायला लागला की बॅटरी गेली म्हणून समजा. अभ्यासाचं पुस्तक पण सोबत असायचं, ते उघडलं नाही असं नाही, पण त्या रात्री आठवल्या की मला डांबराची गरमी, रिकाम्या घागरींचा आवाज आणि ती ४.३ इंचाची स्क्रीनच आठवते.

पुढं बॅटरी फुगली, मागचं झाकण बसंना गेलं. ती मूळ नव्हतीच, नंतर कुठल्या तरी दुकानातून घेतलेली. ती काढून टाकली, पीएसपी ठेवलाय. विकायचा विचार एकदा आला होता, मेसचे पैसे थकले होते तेव्हा. खोलीतल्या बाकी तिघांनी वर्गणी केली आणि विकू दिला नाही.

बीड जिल्ह्यातून

मी सगळ्यात लहान असेन इथं, अठरा पूर्ण झाले. माय-बाप ऊसतोडीला, दिवाळी झाली की कोल्हापूरकडं, मी आणि बहीण आज्जीपाशी. एका वर्षी बापानं येताना तो ४०० गेमवाला 'सुप' आणला, लाल. मारिओ, कॉन्ट्रा सगळं त्यात. पण त्याच्यात गेम सेव्ह होत नाही, बंद केलं की पहिल्यापासून. म्हणून आम्ही बंदच करायचो नाही, जेवताना पण चालू ठेवायचो आणि बॅटरी संपायची.

त्याची बॅटरी काढता येते, चपटी, बटणाच्या फोनला असती तीच, बीएल-५सी. आज्जीच्या फोनला पण तीच. एका रात्री मारिओचा सातवा टप्पा चालू होता, म्हणजे फार पुढं गेलो होतो, आणि उतरली. मी आज्जीच्या फोनची काढून टाकली. तरी गेम पहिल्यापासूनच सुरू झाला, बॅटरी काढली की जातंच ते. आणि त्या रात्री मायचा फोन येणार होता. ती दुसऱ्याचा फोन मागून लावायची, आठवड्यातून एकदा. सकाळी शेजारच्या नानाच्या फोनवर आला, माय रडत होती, आज्जीला काय झालं की काय म्हणून रात्रभर झोपली नव्हती. आज्जी मला एक शब्द बोलली नाही, मायला म्हणली, "फोन पडला होता गं, बिघडला होता." मला अजून ते बोचतं.

बहिणीनं गेमच्या झाकणावर खिळ्यानं ग कोरला आणि आज्जीच्या बॅटरीवर आ. तो गेम आता बहिणीच्या पोराकडं आहे, ग दिसतो अजून.

छत्रपती संभाजीनगरहून

वाचून थांबलो होतो थोडा वेळ. माझं साधं आहे. लेकीला बारावा वाढदिवस म्हणून बाहेरून मागवलेला हातातला कन्सोल घेतला, नाव घेत नाही, महाग होता. दीड वर्षात डावी काडी, म्हणजे अंगठ्यानं फिरवायची जॉयस्टिक, आपोआप सरकायला लागली, गाडी सरळ ठेवली तरी डावीकडं ओढायची. दुकानवाल्यानं सांगितलं नवीन घ्या. ते मला पटलं नाही. काडीच्या खाली कार्बनचा पातळ थर असतो तो घासून जातो, मग यंत्राला वाटतं काडी दाबलेली आहे. आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघितलं, पंधरा दिवस बरं चाललं. मग चुंबकावर चालणाऱ्या काड्या मिळतात, त्यात घासण्यासारखं काही नसतं, त्या मागवल्या. स्क्रू तीन पाकळ्यांचे, वेगळा पाना लागतो. रविवारी पांढऱ्या चादरीवर मी आणि लेक बसलो, तिनं प्रत्येक स्क्रू निघाला त्या जागेवर कागदावर चित्र काढून ठेवला. एक स्क्रू उडाला, तो चादरीच्या घडीत सापडला. चार तास लागले. गाडी सरळ जायला लागली तेव्हा तिनं पहिला डाव मला दिला, मला खेळता येत नाही तरी.

धागा काढणारी, परत अंबाजोगाईहून

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. बीडच्या लेकराचं वाचताना ती मधेच उठून गेली, मग येऊन म्हणली त्याला लिही, आज्जीला राग नव्हता म्हणून. परभणीच्या ताईंना सांगा बॅटरी मी धरते, या कधी पण. आणि जालन्याच्या भाऊंचं वाचून आईनं पेटी परत उपसली, पाण्याचा गेम सापडला, बूच नाही त्याला.

ब्रिक गेममधले सेल काढून बाजूला ठेवलेत. घड्याळाचा घड्याळाला दिला. मागच्या झाकणासाठी भाऊ पत्रा कापायलाय, कुणाकडं पिवळ्या ९९९९ चं झाकण पडलेलं असेल तर कळवा.