मदत हवी आहे: वकिलांनी दावा वाऱ्यावर सोडला, आता फाइलही देत नाहीत

रानजाई
नमस्कार मंडळी. वडिलांनी जागेच्या ताब्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावला होता. वकीलसाहेबांची फी वेळोवेळी दिली, बरीचशी रोख, पावती कधी मिळाली नाही. चौकशी केली की ठरलेलं उत्तर यायचं, "तारीख पडली, तुम्ही यायची गरज नाही." आता ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (दाव्याचा ओळख क्रमांक) टाकून पाहिलं तर दावा निकाली! वादी आणि त्यांचे वकील गैरहजर म्हणून फेटाळलेला, आणि तोही कित्येक महिन्यांपूर्वी. त्या आदेशानंतरसुद्धा "तारीख पडली" असे मेसेज वडिलांच्या फोनवर आलेले आहेत.

साहेब आता फोन घेत नाहीत. ज्युनिअर सांगतो, उरलेली फी भरा, मग फाइल आणि ना हरकत (दुसरा वकील नेमायला संमती) मिळेल. बार कौन्सिलकडे (वकिलांवर देखरेख ठेवणारी संस्था) तक्रार केली तर दावा पुन्हा सुरू होईल का? फाइल कशी मिळवायची? वडील म्हणतात वकिलाशी वैर नको, दुसरा कोणी आपलं काम घेणार नाही. हे कितपत खरं आहे?

काठावर
सरळ ग्राहक आयोगात जा. पैसे घेऊन सेवा दिली नाही म्हणजे सेवेतली त्रुटी. नुकसानभरपाईही मिळेल.

सनदशीर
काठावर, तो रस्ता आता बंद आहे. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डी. के. गांधी प्रकरणात ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. भरपाईच हवी असेल तर दिवाणी दावा लावावा लागतो.

रानजाई, मी वकिली करतो, पण तुमची कागदपत्रं पाहिलेली नाहीत, तेवढं धरून वाचा. तक्रारीने वकिलाला शिक्षा होऊ शकते, तुमचा दावा जिवंत होत नाही. म्हणून राग बाजूला ठेवून आधी पुनर्स्थापनेचा, म्हणजे फेटाळलेला दावा पुन्हा सुरू करण्याचा, अर्ज करा. प्रतिवादी हजर असताना वादीच्या गैरहजेरीत दावा फेटाळला गेला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ नियम ९ खाली अर्ज होतो, आणि त्याची मुदत आहे आदेशापासून ३० दिवस. ती उलटली आहे, तेव्हा सोबत विलंबमाफीचा अर्ज हवाच. यापुढे प्रत्येक आठवड्याचा हिशोब कोर्ट मागणार.

वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफीक प्रकरणात म्हटलं होतं. त्यावर विसंबून मात्र राहू नका. वकिलावर बोट दाखवलं की विलंब आपोआप माफ होतो असं नाही, हे नंतरच्या निकालांत स्पष्ट झालंय. तुम्ही पाठपुरावा करत होतात हे दाखवावं लागेल, आणि तिथे ते मेसेज सोन्यासारखे आहेत. फोन बदलू नका, काही पुसू नका. छापील प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र जोडावं लागतं, नवे वकील ते बघतील.

फाइलसाठी अडून राहू नका. वडील स्वतः पक्षकार आहेत, नक्कल विभागात अर्ज करून दावा, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि आदेश यांच्या प्रमाणित नकला काढता येतात. आजच अर्ज टाका. ना हरकत दिली नाही तरी न्यायालयाच्या परवानगीने जुनं वकीलपत्र रद्द करता येतं.

मधली सुट्टी
पण फी बाकी असेल तर फाइल अडवायचा हक्क वकिलाला आहे ना? आमच्याकडेही हेच ऐकवलं होतं.

सनदशीर
नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली हाच प्रश्न होता. फीसाठी एका सहकारी बँकेच्या फाइली अडवल्या म्हणून बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्या वकिलांना १८ महिने निलंबित केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कमी करून ताकीद दिली, पण फाइल अडवणं हे गैरवर्तनच, हे कायम ठेवलं. फी वसूल करायला त्यांना वेगळे मार्ग आहेत. आधी स्पीड पोस्टाने फाइल मागणारं पत्र पाठवा, भाषा साधी ठेवा, धमकी नको.

रानजाई
खूप आभार. मग तक्रार करायचीच नाही का? इतकं खोटं बोलून ते मोकळे सुटणार?

सनदशीर
करा ना, फक्त क्रम पाळा. तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली. सही आणि सत्यापन केलेला अर्ज, ठरलेली फी, पुराव्याच्या प्रती. व्यवहार वडिलांनी केला, तर तक्रारदारही तेच असलेले बरे. प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. ताकीद, ठरावीक काळ निलंबन किंवा सनद (वकिलीचा परवाना) जाणं, या शिक्षा आहेत. तक्रार एका वर्षात निकाली निघाली नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत तिथेच अपील.

लिहिताना एक गोष्ट ठळक मांडा. नुसता निष्काळजीपणा, एखादी तारीख चुकली, एवढ्यावर गैरवर्तन सिद्ध होणं कठीण असतं, पुरावा भक्कम लागतो. तुमच्या प्रकरणात दावा फेटाळल्यावरही "तारीख पडली" असं कळवलंय. ती अशिलाची दिशाभूल आहे. तक्रारीचा कणा तोच ठेवा. रोख फीचं रडगाणं पहिल्या परिच्छेदात नको, पावतीशिवाय तो मुद्दा लंगडा पडतो.

काठावर
समजा मध्येच साहेबांनी पैसे परत देऊन तक्रार मागे घ्यायला लावली तर?

सनदशीर
केवळ तडजोड झाली किंवा तक्रारदार मागे हटला म्हणून चौकशी बंद करता येत नाही, तसा नियमच आहे. वडिलांना हे आधी सांगून ठेवा, रानजाई. आणि दुसरा वकील मिळणार नाही ही भीती सोडा. त्याच कोर्टात संकोच वाटला तर शेजारच्या तालुक्यातला बघा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा, पात्रता बसली तर वकील मोफत मिळतो.

रानजाई
नकलेचा अर्ज उद्याच टाकते. जुन्या वकिलांनी स्वतःच गैरहजेरीचं शपथपत्र द्यायची तयारी दाखवली तर घ्यावं का?

सनदशीर
जरूर घ्या, विलंबमाफीच्या अर्जाला मोठा आधार होईल. मात्र त्या बदल्यात "आमची काही तक्रार नाही" असा कागद पुढे केला, तर नव्या वकिलांना दाखवल्याशिवाय वडिलांना सही करू देऊ नका.