क्रेनला 'यारी' म्हणावं का?

धंतोलीची अनुवादक: कंटेनर डेपोत नव्याने लागणाऱ्या मुलांसाठी सुरक्षेची एक पुस्तिका मराठीत करतेय. मुलं बुटीबोरी, सिंदी, हिंगण्याकडची. 'क्रेन'साठी मी शब्दकोशातला 'यारी' घेतला. वाक्य झालं, 'यारीखाली उभे राहू नये.' तपासणाऱ्या साहेबांनी लाल पेनाने शेजारी लिहिलं, 'दोस्तीत काय धोका?' माझ्या मते यारी जुना, चांगला शब्द आहे. शिवाय पुढे तीन प्रकारच्या क्रेन येतात: धक्क्यावरची, रबरी चाकांची आणि रुळांवरची. यारी नाही तर मग काय?

अजनीवाले काका: ताई, शब्दकोशात असंल जी. माझी उभी हयात रेल्वेत गेली, यारी कोणाच्या तोंडून ऐकली नाही. गाडी घसरली का 'क्रेन बोलवा' हेच. डेपोतले पोट्टे तर लांब हाताच्या मशीनले नुसतं 'स्टॅकर' म्हणतेत अन् कंटेनरले 'डब्बा'.

उरणकर: माझे वडील मुंबईच्या गोदीत होते. त्यांच्याही तोंडी क्रेनच. यारी मी फक्त छापलेली पाहिलीय. पण शब्दाआधी काम सांगा. धक्क्यावरच्या क्रेनचा हात जहाजावर पसरतो, ती डबे उतरवते. रबरी चाकांची, जिला सगळे आरटीजी म्हणतात, यार्डात डब्यांच्या रांगांवर पाय फाकून उभी असते. ट्रकची गल्ली तिच्या पायांमधूनच जाते, म्हणून माणसं तिथे सापडतात. वरून लोंबते ती चौकट म्हणजे स्प्रेडर. ती डब्याच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांवर बसते, आतल्या खिट्ट्या फिरतात, चारही बसल्याचा दिवा लागतो, मगच उचल. पुस्तिकेत हे आलं पाहिजे.

मायबोलीचा पाईक: क्रेनपुढे इतक्या लवकर शरणागती? आरटीजी म्हणजे 'चाकी यारी', स्प्रेडर म्हणजे 'पकडचौकट', रीच स्टॅकर म्हणजे 'लांबहाती रचक'. वापरले की रुळतात.

बर्डीवरून: 'लांबहाती रचक येतोय, बाजूला व्हा' हे ओरडून होईस्तोवर पोट्ट्याचं काम तमाम.

मायबोलीचा पाईक: थट्टा सोपी असते. 'धक्का', 'गोदी', 'बंदर', 'नांगर' हे मराठी शब्द समुद्रावर चालतातच ना? भाऊचा धक्का कोणी बदलला?

बर्डीवरून: समुद्रावर चालतात, इकडे नाही. इकडे धक्का देतात तो बंद पडलेल्या स्कूटरला. 'जहाज नांगरले' असं मी एकदा मोठ्याने वाचलं, तर आई (माहेर काटोलचं) म्हणाली, पाण्यात पेरतेत काय? आणि 'बंदर' फारसी आहे हो पाईकसाहेब. बंदर अब्बास ऐकलं असेल. नागपूरच्या हिंदीत तर बंदर झाडावर असतो.

मायबोलीचा पाईक: फारसी असला तरी रुळलेला आहे.

अजनीवाले काका: मंग क्रेन काय रुळली नाही? आमची तर रुळावरच उभी राहते.

धंतोलीची अनुवादक: सिंदीच्या ड्राय पोर्टला, म्हणजे समुद्रापासून लांब असलेल्या कंटेनरच्या बंदराला, मी 'कोरडे बंदर' लिहिलं होतं. मुलांनी विचारलं, ओलं कुठे असतं? म्हटलं, न्हावाशेवाला. तेवढं त्यांना पटलं, म्हणून तो शब्द ठेवलाय. पण पर्यावरणाच्या पानावर 'बॅलास्ट वॉटर' आहे, तिथे अडलेय.

अजनीवाले काका: बॅलास्ट म्हणजे गिट्टी. रुळाखाली टाकतेत थे. गिट्टीचं पाणी कसं असंल?

उरणकर: काका, शब्द तोच, काम वेगळं. रिकामं जहाज पाण्यावर फार वर राहतं, डोलतं. पूर्वी तळाशी दगड भरत, आता टाक्यांत समुद्राचं पाणी घेतात. माल भरायच्या बंदरात ते सोडतात आणि त्याबरोबर परमुलखातले जीव, अंडी, शेवाळ आपल्या खाडीत. म्हणून २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१७ पासून लागू आहे. आता पाणी यंत्रातून शुद्ध करून सोडायचं. मी 'तोलाचं पाणी' लिहिलं असतं.

मायबोलीचा पाईक: 'तोलजल'. आणि ड्रेजिंगला 'निकर्षण'.

उरणकर: 'गाळ काढणे' काय वाईट आहे? खाडीत गाळ येतच राहतो. जहाजाला खोली हवी, म्हणून पुन्हा पुन्हा काढावाच लागतो. खरा वाद काढलेला गाळ टाकायचा कुठे हा. मच्छीमाराला विचारा, तो निकर्षण म्हणत नाही, शिव्या देतो. तसंच 'कांदळवन'. सरकारी कक्षाचं नाव कांदळवन, पण आमच्या काठाला दिसते ती बहुतेक तिवर. कांदळ वेगळं झाड, त्याची मुळं खोडातून बाहेर निघून चिखलात टेकतात. तिवराची चिखलातून सरळ वर येतात. भराव घालताना ही मुळं बुजली की झाड न तोडताही मरतं. बातमीत मात्र सगळंच 'कांदळवन'.

मायबोलीचा पाईक: मग दोघांसाठी 'खारफुटी' आहे की. आणि तिवर हा 'तीव्र'वरून आला असणार, खारट पाण्यात तगतो म्हणून.

उरणकर: असणार म्हणजे? कुठल्या कोशात?

बर्डीवरून: थांबा, आमच्या गोंदियाच्या मावशीकडे तिवरा म्हणजे लाखोळी. त्याची डाळ करतात.

अजनीवाले काका: डाळीपेक्षा लाखोळीची भाजी चांगली लागते जी. पण तो शब्द छत्तीसगडकडून आला, त्याचा समुद्राशी काय संबंध?

मायबोलीचा पाईक: संबंध नाही हे कशावरून?