मदत हवी आहे: पेज फेन्स जायंट्सच्या जुन्या बातम्या कुठे वाचता येतील?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय बेसबॉल संघांवर मराठीत सविस्तर लेख लिहायला घेतला आहे. मन अडकलंय ते मिशिगनमधल्या एड्रियन गावच्या पेज फेन्स जायंट्स संघात. तारेची कुंपणं बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर बड फाउलर आणि ग्रँट जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंनी १८९५ मध्ये तो उभा केला. स्वतःचं मैदान नाही, सतत गावोगाव फिरती. राहणं-जेवणं संघाच्या खास रेल्वे डब्यात, कारण कित्येक हॉटेलं त्यांना दारातही उभं करत नसत. सामन्याआधी खेळाडू सायकलींवरून गावात मिरवणूक काढत, की गर्दी मैदानावर! तमाशाचे फड आठवतात मला.

फाउलर तर १८७८ पासून व्यावसायिक खेळत होता. गोऱ्यांच्या संघांत उत्तम खेळूनही रंगामुळे कुठेच टिकू दिलं नाही. १९१३ मध्ये तो गेला, आणि १९८७ पर्यंत त्याच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जागा मिळाली ती थेट २०२२ मध्ये. फार उशीर झाला हो.

मला हवीत १८९५ ते १८९८ मधली मिशिगन, ओहायो, इंडियानाच्या लहान गावांची वर्तमानपत्रं. भारतातून फुकट वाचता येतील असे संग्रह कुणाला माहीत आहेत का? डेट्रॉइटकडच्या मंडळींपैकी कुणी एड्रियनच्या ग्रंथालयात चौकशी करू शकेल का? त्या काळचे धावफलक वाचायला शिकवणारं कुणी भेटलं तर फारच बरं होईल.