हॉकी खेळलं नाही तर कॅनडाचे होत नाही?

मिसिसागाकर:
काल इथे एकांनी लिहिलं, 'पोराच्या पायात स्केट्स चढवले नाहीत तर तुम्ही कॅनडात राहता, कॅनडाचे होत नाही.' त्याला धडाधड लाइक मिळाले म्हणून सविस्तर लिहितोय.

हॉकी, म्हणजे बर्फावरची आइस हॉकी, या देशाच्या रक्तात आहे, मान्य. १९९४ च्या कायद्याने तो राष्ट्रीय हिवाळी खेळ ठरला. पण त्याच कायद्यात उन्हाळ्याचा राष्ट्रीय खेळ म्हणून लक्रॉस आहे, जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा, इथल्या मूळ रहिवाशांचा. लक्रॉस येत नाही म्हणून कुणी कुणाचं कॅनेडियनपण काढत नाही. हॉकीवरून मात्र सर्रास काढतात. हॉकी समालोचक डॉन चेरी वर्षानुवर्षं शनिवारी रात्री टीव्हीवर बसून खरा हॉकीपटू कसा असावा ते देशाला शिकवत होते. २०१९ मध्ये स्थलांतरितांना उद्देशून 'तुम्ही लोक' पॉपी (शहीद सैनिकांच्या स्मरणार्थ छातीवर लावायचं लाल फूल) लावत नाही म्हणाले, तेव्हा कुठे त्यांना काढलं. २०२२ चं हॉकी कॅनडाचं, म्हणजे हॉकीच्या राष्ट्रीय संघटनेचं, प्रकरण तर आहेच. लैंगिक अत्याचाराचे दावे मिटवायला जो निधी वापरला, त्यात पोरांच्या नोंदणी फीचे पैसे होते. आईबापांनी भरलेले! ही ओळख मी का मिरवायची?

प्रेअरीवाला:
ते पदाधिकाऱ्यांचं पाप आहे. लोकांनीच ओरड केली, प्रायोजकांनी हात काढले आणि सगळ्या संचालक मंडळाला जावं लागलं. तुम्ही खेळाला कशाला धरता?

मी सास्काचेवानात राहतो. ६ एप्रिल २०१८ ला इथल्या हम्बोल्ट गावच्या हॉकी टीममधल्या पोरांची बस ट्रकवर आदळली, १६ जण गेले. त्यानंतर देशभर लोकांनी दाराबाहेर हॉकी स्टिक ठेवल्या. आमच्या शेजारच्या आजींकडे खेळणारं कुणी उरलेलं नाही. त्यांनी गॅरेजमधून नवऱ्याची लाकडी स्टिक शोधून काढली, पात्यावरची टेप निघून लोंबत होती, ती नीट गुंडाळली आणि पायरीपाशी टेकवली. पोर्चचा दिवा रात्रभर चालू. त्या रात्री मला हा देश कळला. तो कायदा वाचून कळला नसता.

माँट्रियलची सून:
तुम्ही दोघं 'देश देश' करताय, पण कुठला देश? १७ मार्च १९५५ ला माँट्रियल पेटलं ते कॅनडासाठी नव्हे. माँट्रियलचा लाडका फ्रेंचभाषक हॉकीपटू मोरिस रिशार, त्याने लाइन्समनला (पंचाला) मारलं हे खरंच. पण लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी रिशारला उरलेल्या मोसमातून आणि प्लेऑफमधूनही (शेवटच्या बाद फेऱ्यांतूनही) काढलं, तेव्हा फ्रेंच माणसाला त्यात रोजचा इंग्रज साहेब दिसला. कॅम्पबेल मॅचला येऊन बसले, अश्रुधुराचं नळकांडं फुटलं, सेंट कॅथरीन स्ट्रीटवरची दुकानं लुटली गेली. शेवटी रिशारलाच रेडिओवरून लोकांना शांत करावं लागलं. माझे सासरे आजही त्या अध्यक्षांचं नाव निघालं की ताटावरून उठतात.

आणि १९७२ च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या मालिकेचं कौतुक सांगणार असाल तर पूर्ण सांगा. २८ सप्टेंबरला हेंडरसनने ३४ सेकंद उरले असताना गोल केला, शाळांत वर्ग थांबवून टीव्ही लावले होते. पण त्याआधी सहाव्या सामन्यात आपल्या बॉबी क्लार्कने त्यांच्या खारलामोवच्या घोट्यावर स्टिक हाणून तो मोडला, तेही 'आपल्या ओळखीत'च धरा.

शनिवारची बाई:
मुद्दा थोडा वेगळा आहे, पण मांडतेच. मी मंडळाची मराठी शाळा चालवते. ऑक्टोबर उजाडला की वर्ग रिकामा. 'प्रॅक्टिस आहे.' 'टूर्नामेंट आहे.' गणपतीत याच मुलांना आजीशी चार वाक्यं धड बोलता येत नाहीत, मग आई मला विचारते, शाळेत शिकवता काय?

हॉकीची_आई:
बाई, रिंक (बर्फाचं मैदान) कधी मिळणार ते आम्ही ठरवत नाही. शनिवारी सकाळी सहाला रिंकवर पोचायचं म्हणजे अंधारात गाडीवरचा बर्फ खरवडायचा, डिकीत त्या बॅगेचा कुबट वास, आणि गोठलेल्या बोटांनी पोराच्या लेस आवळायच्या. एवढं करून दहाला तुमच्याकडे आणलं, तर तुम्ही वर्षभर बाराखडीच गिरवून घेता. मुलगा कंटाळला म्हणून बंद केलं.

शनिवारची बाई:
बाराखडीवर थांबावं लागतं कारण दर आठवड्याला निम्मी मुलं मागच्या आठवड्याला आलेली नसतात! मी हे फुकट करते. आधी एक शनिवार येऊन माझ्याबरोबर वर्ग सांभाळा, मग बोला.

मिसिसागाकर:
हेच मी म्हणतोय. हॉकी आली की बाकी सगळ्याने बाजूला व्हायचं. शिवाय स्केट्स, पॅड्स, हेल्मेट, दरवर्षी पाय वाढतो. वरच्या टीममध्ये घेतलं तर बाहेरगावच्या सामन्यांची हॉटेलं वेगळी. माझ्या गोदामातल्या सहकाऱ्याला दोन मुलं आहेत, एकालाच खेळवू शकला. धाकटा रिंकच्या काचेमागून बघायचा.

प्रेअरीवाला:
पंजाब्यांकडे बघा ना. 'हॉकी नाइट' हा टीव्हीवरचा सामन्यांचा कार्यक्रम २००८ मध्ये पंजाबीत सुरू झाला. अल्बर्टातल्या ब्रुक्सचा हरनारायण सिंग सुरुवातीच्या काळात दर आठवड्याला कॅलगरीहून टोरांटोला विमानाने जायचा, कॉमेंट्रीसाठी. २०१६ मध्ये बोनिनो या खेळाडूच्या गोलवर त्याने ओरडलेलं 'बोनिनो बोनिनो बोनिनो' अमेरिकेतसुद्धा गाजलं. त्यांनी भाषा सोडली नाही आणि खेळही सोडला नाही, खेळच आपल्या भाषेत ओढून आणला. आपण मात्र इथे शाळा मोठी की रिंक मोठी यावर भांडतोय.

मिसिसागाकर:
संख्या आहे त्यांची, म्हणून चॅनेलने दार उघडलं. तरी ठीक, हा मुद्दा घेतो. चेरींच्या कॅनडापेक्षा हरनारायणचा कॅनडा मला जवळचा वाटतो. पण त्याने फी कमी होत नाही, आणि काचेमागच्या पोराचं उत्तर तुमच्यापैकी कुणीही दिलेलं नाही.

हॉकीची_आई:
फीचं खरं आहे. आमच्या क्लबात लहान झालेले स्केट्स पुढच्याला देतात, त्याने थोडंच भागतं. बाई, बाराखडीचं मी तोडून बोलले. पण शनिवार बदला.

शनिवारची बाई:
शुक्रवारी संध्याकाळी घ्यायला तयार आहे. हॉल मिळतो. कोण कोण मुलं पाठवणार ते इथेच लिहा, मागाहून फोनवर नको.