पुजोल म्हणजे फक्त तारेगाचा शिष्य नाही हो
वर एकाने लिहिलंय की स्पॅनिश गिटारवादक एमिलिओ पुजोल (१८८६-१९८०) म्हणजे नामवंत गिटारवादक तारेगाचा शिष्य, बाकी विशेष काही नाही, हे अजिबात पटलं नाही. गिटार वाजवायचे, रचना करायचे आणि वर विहुएला या गिटारसारख्या जुन्या स्पॅनिश वाद्याचं संगीत खणून काढलं, मुदारा या विहुएलाच्या संगीतकाराचं १५४६चं पुस्तक त्यांनीच १९४९ला संपादून छापलं, केवढं मोठं काम! मी वडोद्यात दांडिया बाजारात राहतो, रात्री गच्चीवर गिटारची तिसरी तार अर्धा सूर उतरवून, तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून मुदारा वाजवतो, विहुएलाचं ट्यूनिंग बरोब्बर जमतं. आणि पुजोल नखं न लावता वाजवायचे ना, म्हणून मीही नखं कापली, आवाज जरा लहान झाला पण इतका गोल आणि मऊ, की आता वाढवावीशीच वाटत नाहीत.